मोटारीचा ए.सी. गरम हवा का देतो?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



अशा समारंभाला विद्वान वक्त्यांना पाचारण करण्याचा प्रघात आहे. मी हातात पाना धरणारा मनुष्य. शिक्षणाचे महत्त्व माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत सांगणारे गुरुजन येथे बसले आहेत, तेव्हा त्यांच्या प्रांतात मी शिरत नाही. माझ्या रोजच्या कामातला एकच प्रश्न आज तुमच्यापुढे मांडणार आहे. मोटारीचा ए.सी. चालू केला आणि थंड हवेऐवजी गरम हवा येऊ लागली, तर काय करावे? विषय लहान आहे. परंतु या एका प्रश्नात पदार्थविज्ञान आहे, हिशेब आहे, आणि गिऱ्हाइकाचा पैसा व कारागिराची नियत यांचाही संबंध आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. घरातला मातीचा माठ सर्वांना ठाऊक आहे. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते माठातल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी गार राहते. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता शोषून घेतो, हा निसर्गनियम आहे. मोटारीच्या ए.सी.चे सारे रहस्य या नियमात आहे.

दुसरा नियम प्रेशर कुकरचा. दाब वाढला की पाणी अधिक तापमानाला उकळते आणि दाब कमी झाला की कमी तापमानाला. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने पाणी १०० अंशांपूर्वीच, सुमारे ९५-९६ अंशांना उकळते. आजच्या बहुसंख्य मोटारींत असलेला आर-१३४ए हा वायू उघड्या हवेच्या दाबाला शून्याखाली २६ अंशांना उकळतो. गेजवर २८ पौंड दाब असताना तो सुमारे शून्य अंशाला उकळतो, आणि दाब २०० पौंडांवर नेला की ५५ अंशांसारख्या गरम स्थितीतही त्याचा पुन्हा द्रव होतो. यापुढे मी पौंड म्हणेन तेव्हा एका चौरस इंचावरचा दाब समजावा.

आता यंत्राची वाट पाहा. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वायूला दाबतो. दाबलेला गरम वायू रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तेथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन त्याचा द्रव होतो. हा द्रव ड्रायरमधून गाळून व कोरडा होऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रापाशी येतो. छिद्रापलीकडे दाब एकदम उतरतो, द्रव उकळू लागतो आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉईल थंडगार होते. ब्लोअर त्या कॉईलवरून हवा फेकतो, ती आपल्या तोंडावर येते. उकळलेला वायू पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो. थोडक्यात, गाडीच्या आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकणारा हा हमाल आहे. तो थकला, त्याची वाट अडली किंवा त्याची पाटी फुटली, की हवा गरम येते.

मोटारीत हे यंत्र कारखान्यातूनच बसवून देण्याची सुरुवात १९३९ मध्ये अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने केली. त्या यंत्राला क्लच नव्हता. गारवा नको असेल तर गाडी थांबवून, इंजिन बंद करून, बोनेट उघडून पट्टा हातानेच काढावा लागे. पुढे क्लच आला, यंत्र डॅशबोर्डमागे बसले आणि बटण दाबताच काम होऊ लागले. सोय वाढली, परंतु बटणामागे काय चालते हे पाहण्याची आपली सवयही त्याबरोबर गेली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गाडीतून गरम हवा आली की मालक म्हणतो, "गॅस संपला असेल." मिस्त्रीही म्हणतो, "गॅस संपला, भरून देतो." बंधूंनो, ए.सी.चा गॅस पेट्रोलप्रमाणे जळत नाही आणि संपतही नाही. तोच वायू बंद नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरत असतो. रबरी नळ्या आणि सांधे यांतून वर्षाकाठी काही ग्रॅम झिरपतात, म्हणून बऱ्याच वर्षांनी थोडी तूट येणे स्वाभाविक आहे. परंतु एका उन्हाळ्यात भरलेला गॅस त्याच उन्हाळ्यात नाहीसा झाला, तर तो कोठून तरी निसटला असला पाहिजे. भोक तसेच ठेवून घागरीत पाणी ओतणे याला दुरुस्ती म्हणत नाहीत. आणि पुष्कळ वेळा गॅस पुरेपूर असतो, दोष भलतीकडेच असतो.

मग तपास कसा करावा? फुकटचे आणि सोपे ते आधी, खर्चाचे आणि अवघड ते शेवटी, असा क्रम ठेवावा. चांगला डॉक्टर नाडी पाहण्याआधी सुई टोचत नाही.

पहिला प्रश्न: हवा जोरात येते काय? हवाच मंद येत असेल तर गॅसचा विचार बाजूला ठेवावा. बहुतेक नव्या गाड्यांत हातमोजे ठेवण्याच्या कप्प्यामागे हवेची जाळी, म्हणजे केबिन फिल्टर असतो. तो धूळ, पाने आणि केसांनी भरला की हवा अडते. तो काढून पाहण्यास बहुतेक गाड्यांत पाना लागत नाही, पालकही ते करू शकतात. ब्लोअरची मोटर दुबळी झाली असेल तरी हेच लक्षण दिसते. सुरुवातीला हवा चांगली थंड, मग हळूहळू जोर कमी आणि शेवटी हवा जवळजवळ बंद, असे होत असेल तर कूलिंग कॉईलवर बर्फ धरत आहे असे समजावे.

दुसरा प्रश्न: हवा थंड होत नाही, की थंड झालेली हवा वाटेत तापते? डॅशबोर्डमागे कूलिंग कॉईलच्या शेजारीच हिटर असतो. त्यातून इंजिनाचे गरम पाणी फिरते. कोणती हवा किती घ्यायची हे एक लहानशी झडप ठरविते. ती झडप अडकली किंवा हिटरच्या पाण्याचा कॉक बंद होईनासा झाला, तर ए.सी. उत्तम असूनही तोंडावर गरम झळ येते. हवा बाहेरच्या हवेपेक्षाही गरम येत असेल तर हा संशय पहिला घ्यावा. ए.सी. नुसता बंद पडला असेल तर आत येणारी हवा साधारण बाहेरच्या हवेइतकीच राहावयास हवी. जास्तीची उष्णता कोठून तरी येत आहे, आणि इंजिनाखेरीज तेथे दुसरी भट्टी नाही.

तिसरा प्रश्न: कॉम्प्रेसर फिरतो काय? बोनेट उघडा, इंजिन चालू ठेवा, सहकाऱ्याला ए.सी.चे बटण दाबण्यास सांगा. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी "टक्" असा आवाज होऊन पुढची थाळी पुलीबरोबर फिरू लागली पाहिजे. काही नव्या गाड्यांत हा क्लच नसतो, तेथे हा आवाज ऐकू येणार नाही. हे पाहताना सैल बाही, ओढणी, मफलर दूर ठेवावेत आणि हात पट्ट्याजवळ नेऊ नये. थाळी फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग वायर आणि क्लचची फट, अशा क्रमाने पाहावे. वीज पोहोचतच नसेल तर प्रेशर स्विचकडे यावे. गॅस फार कमी झाला की हा स्विच कॉम्प्रेसरला जाणीवपूर्वक थांबवितो. कॉम्प्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस नाही तर तेल नाही, आणि तेलाविना कॉम्प्रेसर घासून निकामी होतो. काही मंडळी तारेचा तुकडा लावून हा स्विच टाळतात आणि "चालू झाले!" म्हणून खूश होतात. पहारेकऱ्याचे तोंड बांधून चोर जात नसतो.

चौथा प्रश्न: कंडेन्सरला हवा मिळते काय? गाडी रस्त्यावर धावताना थंड हवा देते आणि सिग्नलला किंवा घाटातल्या रांगेत उभी राहिली की गरम हवा देते, ही तक्रार नेहमीची आहे. धावताना वाऱ्यामुळे कंडेन्सर थंड होतो, उभे असताना ते काम पंख्याचे. तेव्हा पंखा फिरतो काय, पूर्ण वेगाने फिरतो काय, हे आधी पाहावे. कंडेन्सरच्या पात्यांत चिखल, किडे, कापूस बसला असेल तर पाण्याच्या हलक्या धारेने धुवावा. जोराची धार मारली तर नाजूक पाती मुडपतात आणि वाट अधिकच बंद होते. नुसत्या पंख्याच्या दोषासाठी गॅस भरून घेतलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. जादा गॅसने दाब आणखी वाढतो आणि हवा आणखी गरम येते.

पाचवी परीक्षा हाताची. कॉम्प्रेसरकडे परत येणारी जाड नळी हाताला थंड लागावी, तिच्यावर पाण्याचे थेंब दिसावेत. कंडेन्सरकडून व्हॉल्व्हकडे जाणारी बारीक नळी कोमट ते गरम असावी. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी नळी मात्र चटका देते, तिला हात लावू नये. जाड नळी चांगली थंड आहे आणि तरीही आत गरम हवा येते, तर गॅसला दोष न देता पुन्हा हिटरच्या झडपेकडे जावे. दोन साध्या नळ्या केवढे सांगून जातात पाहा!

एवढ्यावर उत्तर सापडले नाही तर गेज लावावे. निळी नळी कमी दाबाकडे, तांबडी जास्त दाबाकडे. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात धरावी. इंजिन बंद असताना गेजवर जो दाब दिसतो त्यावरून गॅस किती आहे हे कळत नाही. ३० अंश तापमानाला आर-१३४ए चा दाब सुमारे ९७ पौंड असतो. आत द्रवाचा थोडासा अंश असला तरी ९७, आणि पुरेपूर गॅस असला तरी ९७. गॅसच्या शेगडीचा सिलिंडर अर्धा झाला तरी आतला दाब तेवढाच असतो, तसेच हे. म्हणून "गेज भरलेला दाखवते, गॅस बरोबर आहे" हे म्हणणे चुकीचे. वाचन घ्यावयाचे ते यंत्र चालू असताना.

चालू यंत्रात उन्हाळ्याच्या दिवसांत कमी बाजूला साधारण ३० ते ४५ पौंड आणि जास्त बाजूला २०० ते २५० पौंड असावेत. गाडीगणिक हे आकडे थोडे बदलतात. दोन्ही बाजू कमी असतील तर गॅस कमी आहे. दोन्ही बाजू जास्त असतील तर कंडेन्सरला हवा मिळत नाही, किंवा गॅस जादा भरला आहे, किंवा नळ्यांत हवा शिरली आहे. कमी बाजू जवळजवळ शून्यावर गेली आणि जास्त बाजूही चढेना, तर वाट ड्रायर किंवा व्हॉल्व्हपाशी तुंबली आहे. कमी बाजू वर आणि जास्त बाजू खाली, दोघी जवळजवळ येऊ लागल्या, तर कॉम्प्रेसर आतून दुबळा झाला आहे.

हे आकडे बाहेरच्या हवेबरोबर बदलतात, हेही समजून घ्यावे. आपल्या कोकणातली कितीतरी मुले आखाती देशांत गॅरेजच्या कामाला जातात. तेथे पारा ४५ अंशांवर असताना जास्त बाजूला जो दाब योग्य ठरेल, तोच दाब पुण्यात जानेवारीच्या सकाळी दिसला तर दोष आहे असे समजावे. आकडा पाठ करणारा येथे फसतो. आकड्यामागचे कारण जाणणारा कोणत्याही मुलुखात काम करू शकतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. भाड्याची गाडी चालविणारे एक गृहस्थ मे महिन्यात आमच्याकडे आले. होळीपासून तोपर्यंत त्यांनी दुसरीकडे तीन वेळा गॅस भरून घेतला होता. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस गारवा, मग पुन्हा गरम हवा. प्रवासी भाडे कमी देत, काही अर्ध्या वाटेवर उतरून जात. ते म्हणाले, "चौथ्यांदा भरून द्या, मुलाच्या फीची तारीख जवळ आली आहे, गाडी उभी ठेवता येणार नाही." त्यांना बसवून आम्ही वर सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली. जाळी स्वच्छ, पंखा चालू, हिटर ठीक. गेजवर दोन्ही बाजू कमी. आता गॅस गेला कोठे एवढाच प्रश्न उरला. गॅसबरोबर तेलही बाहेर येते आणि तेलावर धूळ बसते, म्हणून प्रत्येक सांध्यावर बॅटरीचा उजेड टाकून काळा ओशट डाग शोधला. कंडेन्सरच्या वरच्या सांध्याला तो सापडला. साबणाचे पाणी लावताच बारीक बुडबुडे आले. सांधा उघडला, तर आतली रबराची ओ-रिंग उष्णतेने कडक होऊन चिरली होती. सगळ्या दुरुस्तीतली ती सर्वांत स्वस्त वस्तू होती. तिच्यापायी तीन वेळा गॅसचे पैसे गेले, धंदा बुडाला, आणि प्रत्येक वेळी गॅसबरोबर थोडे तेलही निघून गेले. आणखी महिनाभर तसेच चालले असते तर कॉम्प्रेसर जाम झाला असता. त्याचा कीस कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह सगळीकडे पसरला असता, आणि त्या गृहस्थांना जवळपास पूर्ण यंत्र नवे घ्यावे लागले असते.

गळती नेहमी इतक्या सहज सापडत नाही. कधी चमकणारा रंग आत सोडून निळसर दिव्याखाली पाहावे लागते, कधी हुंगणारे विजेचे उपकरण लागते. सर्वांत त्रासाची गळती कूलिंग कॉईलची, कारण ती डॅशबोर्डच्या पोटात असते. मोकळ्या यंत्रात दाब भरून तपासावयाचे असेल तर रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन वापरावा. ऑक्सिजन कधीही वापरू नये. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

दोष दूर झाल्यावर गॅस भरण्याचीही रीत आहे. आत उरलेला गॅस हवेत न सोडता यंत्राने काढून घ्यावा. ओ-रिंग नवी घालताना तिला तेल लावावे. यंत्र बराच काळ उघडे राहिले असेल तर ड्रायर बदलावा. मग व्हॅक्यूम पंप लावून किमान अर्धा तास आतली हवा खेचावी. येथे पुन्हा महाबळेश्वरचा नियम कामी येतो. आतला दाब हवेच्या दाबाच्या विसाव्या हिश्शाहूनही खाली आला की साध्या ३०-३२ अंशांना पाणी उकळते आणि वाफ होऊन बाहेर निघते. ओल राहिली तर व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फाचा कण अडकतो. अशी गाडी थोडा वेळ थंड, मग गरम, थोडी विश्रांती दिली की पुन्हा थंड, असा खेळ करते. कॉईलवर बर्फ धरतो तेव्हा हवेचा जोर घटतो, छिद्रात बर्फ अडकतो तेव्हा जोर तसाच राहून गारवा जातो. एवढ्या एका खुणेवरून दोन्ही दोष वेगळे ओळखता येतात. पंप बंद करून गेजचा काटा पंधरा-वीस मिनिटे जागचा हलत नाही याची खात्री करावी. काटा हलला तर बहुधा गळती अजून शिल्लक आहे.

त्यानंतर गॅस वजनाने भरावा. बोनेटखालच्या चिठ्ठीवर कोणता गॅस आणि किती ग्रॅम हे छापलेले असते. लहान मोटारीत तो अर्ध्या किलोच्या आसपास असतो. काट्यावर मोजून तेवढाच भरावा, आणि जेवढे तेल गेले असेल तेवढे योग्य जातीचे तेल घालावे. शेवटी जाळीत थर्मामीटर धरून गारवा मोजून दाखवावा. निरोगी यंत्र बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते २० अंशांनी थंड हवा देते. "हात लावून बघा, गार आहे ना?" यापेक्षा हा आकडा अधिक प्रामाणिक.

सुरक्षिततेचे चार शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे असल्याखेरीज नळी सोडू नये. उडालेला द्रव क्षणात कातडी गोठवितो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. यंत्र चालू असताना डब्याकडे जास्त दाबाची बाजू उघडू नये, डबा फुटतो. डबा आगीवर किंवा उकळत्या पाण्यात तापवू नये. हा वायू हवेपेक्षा जड आहे, तो खड्ड्यात साचतो आणि माणूस गुदमरतो. ज्वालेवर पडला तर विषारी वायू होतो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून ए.सी. तपासू नये, धुराड्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो सावध करीत नाही. आणि स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस मोटारीच्या ए.सी.त भरणे म्हणजे कुटुंबाला पेटत्या चुलीशेजारी बसविण्यासारखे आहे. कोणी तसे सुचविले तर त्या ठिकाणाहून गाडी परत न्यावी.

गॅस हवेत सोडू नये असे मी म्हणालो, त्याचेही कारण आहे. पूर्वी मोटारींत आर-१२ हा वायू असे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की अशा वायूंतील क्लोरीन आकाशातील ओझोनच्या थराचा नाश करतो. १९८७ मध्ये माँट्रियल येथे करार झाला, विकसनशील देशांनाही २०१० पर्यंत असे वायू बंद करावे लागले, आणि त्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबाने, वजनास वजन धरल्यास, तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा १३०० ते १५०० पट अधिक उष्णता पृथ्वीवर अडकवून ठेवतो. म्हणून युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत तो भरता येत नाही. तेथे आलेला आर-१२३४वायएफ हा वायू सौम्य ज्वालाग्राही आहे, त्याची हाताळणी वेगळी शिकावी लागते. चुकीच्या गाडीत चुकीचा गॅस घालणाऱ्याला यापुढे काम मिळणार नाही.

पालकांना माझी विनंती एवढीच. गाडी दुरुस्तीला द्याल तेव्हा तीन प्रश्न विचारा. गॅस कमी झाला असेल तर तो निसटला कोठून? व्हॅक्यूम किती वेळ केला? गॅस किती ग्रॅम भरला? जो मिस्त्री या तिन्हींची उत्तरे शांतपणे देतो, त्याला त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. शोधाला वेळ लागतो आणि त्या वेळेची किंमत असते. केवळ गॅसचेच पैसे देण्याची आपली सवय असेल, तर मिस्त्रीही गॅसच विकत राहील.

आणखी एक गोष्ट. अभ्यासात मागे पडलेला मुलगा दिसला की आपण म्हणतो, "टाका त्याला गॅरेजवर." जणू गॅरेजमध्ये डोके लागत नाही! आज मी दाब, तापमान, उत्कलनबिंदू, वजन आणि वीज याविषयी बोललो. हे सगळे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिक आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत आणि त्यांना दहावी उत्तीर्ण व्हावे लागते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर ए.सी.चा कॉम्प्रेसरही विजेवर फिरतो. त्याच्या नारिंगी तारांत शेकडो व्होल्ट असतात आणि त्याचे तेलही वेगळे लागते. तेथे अंदाजाने हात घालणारा जिवाला मुकेल. मुलगा उस्तादाच्या हाताखाली जरूर जाऊ दे, उस्तादाजवळ जे हाताचे ज्ञान असते ते पुस्तकात मिळत नाही. पण दहावी करून, कागद वाचता येईल आणि आकडा समजेल एवढी तयारी करून जाऊ दे. मुलींनाही हे काम वर्ज्य नाही. गेज वाचण्याला आणि गळती शोधण्याला मनगटापेक्षा नजर आणि सबुरी अधिक लागते.

विद्यार्थी मित्रांनो, गरम हवा हे लक्षण आहे, रोग नव्हे. लक्षण दिसताच औषध ओतणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही आधी "का?" विचारा, मग क्रमाने पाहा, मग मोजा, आणि शेवटी पाना उचला. अशा कामातून मिळालेल्या मजुरीला कोणी नावे ठेवणार नाही, आणि गिऱ्हाईक पुढच्या उन्हाळ्यात आले तर तक्रार घेऊन न येता दुसरी गाडी घेऊन येईल.

 समारंभानंतर मी बाहेर गेजचा संच घेऊन थांबणार आहे. ज्या विद्यार्थ्यांना पाहावयाचे असेल त्यांनी जरूर यावे.